कोर्टाची पायरी आणि माझी जाऊ

माझ्या धाकट्या जावेचा मला हेवा वाटतो. वाटायचा, असं नाही म्हणत मी. वाटतो. आता गुडघे धरलेत, एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, नातवंडं अंगाखांद्यावर खेळतात, तरी तिचं नाव निघालं की हातातलं भांडं जरा जोरातच आपटलं जातं. लोक म्हणतात, तुम्हा जावाजावांत लई जिव्हाळा हाय. असू द्या. लोकांना काय, लग्नात शेजारी शेजारी बसलेल्या दिसतो आम्ही.

नावं सांगत बसत नाही. ती लातूरची, मी नांदेडची, एवढं पुरे. आम्ही दोघी दोन सख्ख्या भावांना दिलेल्या. थोरला भाऊ म्हणजे आमचे हे, पाटबंधारे खात्यात कारकून, रोज विष्णुपुरीला जायचे. धाकटा, म्हणजे माझा दीर, लातूरला एका डाळमिलमध्ये नोकरीला. ती लग्न होऊन आली आणि पहिल्याच सणाला सासूबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, धाकटीच्या हाताला चव हाय. म्हणजे माझ्या हाताला काय माती लागली होती का? इतकी वर्षं माझ्याच हातचं खाऊन धडधाकट राहिली होती बाई! पण नाही. तेव्हापासून जे सुरू झालं ते झालं.

त्यात देवाची करणी अशी की आम्हा दोघींना एकाच वर्षी मुलगे झाले. मग काय, बोलायलाच नको. माझा आधी चालायला लागला तर तिचा आधी बोलायला. माझा पाढे म्हणायचा तर तिचा कविता. मी नांदेडात बसून लातूरच्या पोराच्या चाचणी परीक्षेचे मार्क विचारून घ्यायची, आणि कमी असले की त्या दिवशी स्वयंपाक चांगला व्हायचा.

भूकंप झाला त्या पहाटे नांदेडात आमच्या फडताळातली भांडी वाजली, तेवढंच. लातूरकडं होत्याचं नव्हतं झालं. माझ्या जावेचं माहेर त्याच पट्ट्यातलं. घर बसलं. आईबाप कसेबसे वाचले, पण गल्लीतली कितीतरी माणसं मातीखाली गेली. ती पुढं कितीतरी दिवस बोलायची नाही, नुसतं बघायची. मलाही वाईट वाटलं, नाही असं नाही. मी दोन लुगडी आणि सोलापुरी चादर पाठवली. पण खरं सांगते, जो तो येऊन मला तिचंच विचारायचा. धाकटी कशी हाय? धाकटीच्या माहेरचं काय झालं? तिच्या दुःखातसुद्धा मला कोपऱ्यात उभं राहावं लागलं, ह्याचा राग आला मला. आता म्हणा काय म्हणायचं ते.

त्या वर्षात तिनं एक गोष्ट शिकून घेतली, ती मी शिकले नाही. तिचा बाप खचला होता. पंचनाम्याला माणूस आला की नुसता हात जोडून बसायचा. मग ही पुढं झाली. पत्र्याच्या शेडसाठी, यादीतल्या नावासाठी, दाखल्यासाठी, कधी तहसील, कधी कलेक्टर कचेरी, कधी पोलीस ठाणं. पदर खोचून साहेबापुढं उभी राहायची आणि म्हणायची, "साहेब, माझा बाप बोलून नाही राहिला, मी बोलते." सरकारी माणसाची भीती म्हणून राहिली नाही तिला. आमच्याकडं बरोबर उलटं. आमच्या घरातल्या कुणी पोलीस ठाण्याच्या ओट्यावर पाय ठेवला नव्हता आणि त्याचाच आम्हाला गर्व. आमचे हे तर पोलिसाची गाडी दिसली की रस्ता बदलायचे, काही केलेलं नसताना.

पुढं पोरं दहावी झाली, आणि लातूरचं वेड आलं. ज्याच्या त्याच्या तोंडी लातूर. लातूरचे क्लास, लातूरचे सर, लातूरला पाठवलं की पोरगं डॉक्टर नाहीतर इंजिनियर होऊनच येतं म्हणायचे. गावोगावची पोरं ट्रंका घेऊन एसटीनं तिथं उतरायला लागली. आमचे हे म्हणाले, "आपलं तर घरच हाय तिथं. खोली कशाला बघायची?" म्हणजे माझं पोरगं तिच्या घरी! मी दोन दिवस बोलले नाही. मग पोराच्या भल्यासाठी गप बसले आणि डब्यात लाडू भरून दिले.

दिवाळीला आला तो अंगानं भरून. मी म्हटलं, बरं झालं. जेवायला वाढलं तर म्हणतो, "आई, काकू वरणाला लसणाची फोडणी देते, तशी दे ना." मी पळी आपटली. "मग जा काकूकडं!" म्हटलं. तो हसला. त्याला गंमत वाटली. मला नव्हती वाटत. माझ्या पोराला कुठली भाजी आवडते, रात्री पांघरूण फेकतो का, परीक्षेच्या आधी पोटात गोळा येतो का, हे आता तिला माहीत होतं. मला त्याच्या पत्रातून कळायचं, आणि पत्रात काय, सर्व कुशल.

बारावीच्या वर्षी ती भानगड झाली. एका क्लासातून सुटून दुसऱ्या क्लासाला पोचायचं, मधे वेळ नाही, आणि उशीर झाला की सर दार उघडायचे नाहीत. दिराची जुनी स्कूटर होती. माझा पोरगा चालवायला, मागं तिचा, त्याच्यामागं वर्गातलाच आणखी एक. तिघं एका गाडीवर. चौकात पोलिसानं शिट्टी मारली. तिसरा उतरून पसार. माझ्याला नुकतं अठरावं सरलेलं, लायसन काढायचं राहिलेलं. पोलिसानं नाव लिहून घेतलं ते गाडी चालवणाऱ्याचं. म्हणजे माझ्याच पोराचं. तिचा मागं बसलेला, तो कोरडा.

दिरानं शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप दिला. कोर्टातून कागद येईल म्हणे, तारखेला जाऊन दंड भरायचा. कोर्ट! ह्यांनी डोक्याला हात लावला. "शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," हे आमच्या सासऱ्यांचं रोजचं वाक्य, ते ह्यांनी दिवसभर घोकलं. मला एकच दिसत होतं. पोराच्या नावावर गुन्हा लागणार. उद्या सरकारी नोकरीचं बघायला गेला की पोलीस चौकशीला येणार आणि म्हणणार, ह्याला कोर्टानं शिक्षा केलीय. इतकं लातूर-लातूर करून शेवटी कपाळाला डाग. आणि तिच्या पोराचं काय? काहीच नाही! गाडी त्यांची, रस्ता त्यांच्या गावातला, मागची सीट त्यांच्या पोराची, आणि नाव माझ्या पोराचं! मी ह्यांना म्हटलं, "बघा, देवालासुद्धा धाकटीच प्यारी."

माझा भाऊ नांदेडातच राहायचा. चार ठिकाणी उठबस, ह्या साहेबाचा मित्र, त्या साहेबाच्या पोराच्या मुंजीला हजर, असला. तो म्हणाला, "ताई, रडतीस कशाला? लातूरला आपला माणूस हाय. एका फोनचं काम." दोन आठवड्यांनी येऊन चहा पीत म्हणाला, "मिटलं. कागदच गायब केला." मी त्याच्यावरून मीठमोहरी ओवाळून टाकली. लगेच दिराला निरोप धाडला, कुणी कोर्टात जायचं नाही, माझ्या भावानं निस्तरलंय.

आणि मग मी ते काय वाजवलं म्हणता! प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला. जाऊ वाढायला आली की मुद्दाम चारचौघींत म्हणायचं, "तुमच्या लातूरच्या नादात पोराचं वाटोळं झालं असतं बाई, माझ्या भावानं वाचवलं." ती पातेलं हातात धरून ऐकायची. म्हणायची, "हाव अक्का, बरं झालं." आणि माझ्या पानात भात वाढायची. एवढंच. मला वाटायचं, जिरली.

पण जिरली कसली! बारावीचा निकाल लागला आणि तिच्या पोराला मेडिकल मिळालं. माझ्याचं थोडक्यात हुकलं. तो परत नांदेडला आला आणि विष्णुपुरीच्या कॉलेजात इंजिनियरिंगला लागला. वाईट काहीच नव्हतं त्यात, बाप पण तिकडंच जायचा, पोरगा रोज घरी जेवायला. पण ती डॉक्टरची आई झाली, ती झालीच. मी पेढे खाल्ले तिचे. गोड लागले नाहीत.

माझ्या पोराची सरकारी खात्यात ज्युनियर इंजिनियर म्हणून निवड झाली तेव्हा मी पहिला फोन लातूरला लावला. तोवर आमच्याकडंही फोन आला होता. मला माझ्या तोंडानं तिला सांगायचं होतं. ती फोनवर रडली. "अक्का, सोनं झालं बघा पोराचं." मी म्हटलं, "माझ्याच पोराचं आहे ते." ती म्हणाली, "हाव, तुमचंच."

मग आले चारित्र्य पडताळणीचे फॉर्म. दुपारची वेळ, पोरगा जेवणाच्या टेबलावर बसून लिहीत होता, मी सुपात शेंगा सोलत होते. मधेच त्याचा हात थांबला. मी विचारलं, काय रे? तो म्हणाला, "इथं विचारलंय, कधी अटक, खटला, किंवा कोर्टानं दंड केला का. मी 'होय' लिहितोय."

शेंगांचं सूप माझ्या मांडीवरून खाली गेलं. "काय लिहितोस? डोकं फिरलं का तुझं? कुठला दंड? मामानं मिटवलंय ना ते!"

आमचे हे आतून धावत आले. "झाकली मूठ सव्वा लाखाची, बाळा. आपण होऊन कशाला उघडायची?" मी भावाला फोन लावला. तो म्हणाला, "डोळे झाकून 'नाही' लिही म्हणावं. ट्रॅफिकचं कोण बघत बसतंय?" मी रिसीव्हर पोराच्या कानाला लावायला गेले. त्यानं तो हळूच घेतला आणि खाली ठेवून दिला.

"आई," तो म्हणाला, "मामानं काहीच मिटवलं नव्हतं."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"म्हणजे कागद आला होता. काकूच्या घरी आला, मी तिथंच राहत होतो ना. काका म्हणाले, वहिनींचा निरोप आहे, जायचं नाही. काकू म्हणाली, नाही गेलं तर पुढचा कागद वॉरंटचा येईल, मग खरा डाग लागेल. ती मला घेऊन गेली. आमच्यासारखी क्लासची लई पोरं होती तिथं, रांगच होती. गुन्हा कबूल आहे का विचारलं, मी होय म्हणालो, दंड भरला, पावती घेतली, संपलं. जज्जसाहेब म्हणाले, हा चोरीचा नाही, गाडीचा दंड आहे, ह्यानं आयुष्य बुडत नसतं. पण पुढं नोकरीला कुणी लेखी विचारलं तर लपवू नकोस. दंडानं नोकरी जात नाही, लपवल्यानं जाते."

मला दंडाचं काही वाटलं नाही, खरंच. मला एवढंच ऐकू आलं, ती मला घेऊन गेली.

"मला का नाही सांगितलंस?"

"काकू म्हणाली, अक्काला वाईट वाटेल. त्यांनी भावाचं इतकं कौतुक केलंय. राहू दे."

राहू दे! म्हणजे इतकी वर्षं मी लग्नालग्नांत भावाचा डंका पिटत होते आणि ही बाई भाताचं पातेलं धरून सगळं माहीत असून म्हणत होती, हाव अक्का, बरं झालं. माझ्या तोंडावर! तिनं एकदा तरी फणकारा मारायचा होता. एकदा म्हणायचं होतं, अहो बाई, तुमचा भाऊ थापा मारतो. मी भांडले असते, मोकळी झाले असते. तिनं मला तेवढीही सोय ठेवली नाही.

पोरानं 'होय' लिहिलं. खाली कशाचा दंड, कुठलं कोर्ट, सगळं लिहिलं, आणि पावतीची झेरॉक्स जोडली. पावती इतकी वर्षं कुणी जपून ठेवली होती हे मी विचारलं नाही. विचारायची गरजच नव्हती. आदल्या आठवड्यात लातूरहून रजिस्टर पोस्टानं पाकीट आलं होतं ते मी पाहिलं होतं. मला वाटलं, दिराचे काही कागद असतील.

पुढचे दिवस कसे गेले ते माझं मला माहीत. मी तुळशीपुढं बसून काय मागायचे, सांगू? नोकरी मिळू दे, हे तर मागायचेच. पण मधेच मनात यायचं, नोकरी अडली तर? तर जगाला दिसेल की धाकटीचं शहाणपण चुकलं, माझ्या भावाचंच खरं होतं. लगेच मी कान धरायची. माझ्या पोराचा घास होता तो. पण मन काय माझं ऐकून राहिलं होतं का? एका घटकेत देवाला हात जोडायचं आणि दुसऱ्या घटकेत लातूरकडं बघून दात खायचं.

एक दिवस ठाण्यातले जमादार चौकशीला आले. आमच्या दारात पहिल्यांदा खाकी कपडा. आमचे हे मागच्या दारानं भाजी आणायला निघून गेले, पिशवी न घेता. मी चहा टाकला, साखर दोनदा पडली. जमादारांनी शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारून झालं होतं. त्यांनी कागद चाळले, पोराला वर-खाली बघितलं आणि म्हणाले, "तिघं बसला होता होय गाडीवर?"

"हो, साहेब."

"बरं झालं लिहिलंत. पोरं लपवतात आणि मग आमच्या कागदात निघतं. तेव्हा वरचे साहेब गाडीचं विचारत नाहीत, खोटं का लिहिलं ते विचारतात. मग नाहक वकिलाच्या दारात जावं लागतं." त्यांनी बशीतला चहा संपवला. "ह्याला काय गुन्हेगारी म्हणतात का, बाई? काळजी करू नका. गोड चहा दिलात."

ते गेले, आणि मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आनंदानं रडले, आणि रागानं. दोन्ही एकदमच आलं.

नेमणुकीचा कागद आला. लातूरहून दीर-जाऊ आले. अर्धापूरच्या केळ्यांचा घड घ्यायचा म्हणून त्यांनी गाडी नांदेडच्या पुढं नेऊन उलटी फिरवली होती, माझ्या पोराला आवडतात म्हणून. मला तर ते अंगणातल्यासारखं जवळ, आणि आणली तिनं. असो. मी ठरवलं होतं, आज मोठेपणा घ्यायचा. सगळे बसले होते, माझा भाऊपण. मी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि मोठ्यानं म्हटलं, "हे तुझ्यामुळं झालं बरं का. तू त्याला कोर्टात नेलंस." माझ्या भावानं खिडकीबाहेर बघितलं.

ती लाजली. "मी काय केलं, अक्का? नुसती सोबत गेले." मग तिला हसू आलं, आणि ती सांगायला लागली. कोर्टात कसा उकाडा होता, माझ्या पोराच्या शर्टाचं वरचं बटण तिनं कसं लावलं. "आणि अक्का, साहेबांनी विचारलं बघा, सोबत कोण आलंय? आणि हा म्हणाला," ती पदर तोंडाला लावून हसली, "म्हणाला, आई आलीय."

सगळे हसले. आमचे हेसुद्धा.

"मी काही बोललेच न्हाई," ती म्हणाली. "तिथं उभ्या उभ्या काय सांगायचं, मी काकू हाय म्हणून?"

तिनं ते सहज सांगितलं, की इतक्या वर्षांच्या लग्नालग्नांतल्या बोलण्याचं उट्टं एका वाक्यात काढलं, मला अजून कळलेलं नाही. तिच्याकडं बघून काही समजत नाही, कधीच समजलं नाही. मी पोराकडं बघितलं. तो केळं सोलत होता. मान वर केली नाही त्यानं.

पुढं त्याची नोकरी झाली, बढत्या झाल्या, त्या दंडाचं नाव पुन्हा कुणी काढलं नाही. मी मात्र काढते, मनातल्या मनात. सरकारच्या फॉर्मवर ज्यानं एवढंसं खोटं लिहायला नकार दिला, बापाचं ऐकलं नाही, मामाचं ऐकलं नाही, तो माझा पोरगा त्या दिवशी जज्जापुढं उभा राहून म्हणाला, आई आलीय. तिथं तो खोटं बोलला की खरं, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.